घसरण 'तात्पुरती' होती, हे कळतं कधी?

'चांगल्या कंपनीचा शेअर तात्पुरता पडला, की घ्यावा.' हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल अशी शक्यता कमीच. रीलमध्ये ऐकलं असेल, ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर ऐकलं असेल, नाहीतर ब्रोकरच्या अ‍ॅपने नोटिफिकेशन पाठवून सांगितलं असेल. वाक्य छोटं आहे, सोपं आहे आणि ऐकताक्षणी पटतं. तोच शर्ट सेलमध्ये कमी किमतीत मिळत असेल तर आपण घेतो, मग शेअरने काय घोडं मारलंय?

साहित्याच्या वेबझिनवर या वाक्याबद्दल लिहायचं कारण असं, की मला ते गुंतवणुकीच्या नियमापेक्षा गोष्टीसारखं जास्त वाटतं. या गोष्टीला नायक आहे: चांगली कंपनी. संकट आहे: पडलेला भाव. भेदरलेला जमाव आहे, आणि त्या जमावात न मिसळणारा एक शहाणा माणूस आहे, जो अर्थातच आपण असतो. शेवटही गोड आहे, आणि तो एकाच शब्दात लपवलेला आहे: 'तात्पुरता'. हा शब्द उच्चारला की गोष्ट संपलेली असते. पण शेअर घ्यायचा की नाही, हा प्रश्न गोष्टीच्या मध्यंतरात पडतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला शेवट सांगून टाकणारं वाक्य कितपत कामाचं, हे तपासायला हवं.

आणि तपासायची वेळ हीच आहे. मार्च २०२० मध्ये भारतात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींच्या वर गेली. म्हणजे आज बाजारात असलेल्या बहुसंख्य लोकांनी मोठी पडझड पाहिली असेल, तर ती एकच. आणि ती कशी होती? जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला, आणि नोव्हेंबरपर्यंत जुना उच्चांक ओलांडून पुढे गेला. आठ-नऊ महिन्यांत गोष्ट सुफळ संपूर्ण. एवढ्या एका पुराव्यावर आमच्या पिढीने हे वाक्य पाठ केलंय.

बाजाररावांची गोष्ट

या वाक्याचा मूळ ग्रंथ शोधायला गेलं तर आपण बेंजामिन ग्रॅहम यांच्या 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'पाशी पोचतो. १९४९ चं पुस्तक. त्यातल्या आठव्या प्रकरणात एक रूपककथा आहे. एका धंद्यात तुमचा छोटा हिस्सा आहे. मिस्टर मार्केट नावाचा तुमचा एक भागीदार आहे; मराठीत त्यांना बाजारराव म्हणू या. हे बाजारराव रोज दारात येऊन उभे राहतात आणि एक भाव सांगतात: या भावाला तुमचा हिस्सा मला विका, नाहीतर माझा विकत घ्या. कधी स्वारी फार खुशीत असते, मग भाव अव्वाच्या सव्वा. कधी घोर निराशेत, मग भाव मातीमोल. तुम्ही त्यांना रोज 'आज नको' म्हणालात तरी ते रागावत नाहीत, उद्या पुन्हा येतात. त्यांच्या लहरीचा फायदा घ्या, पण त्यांच्या लहरीवर आपलं मत बनवू नका, असा तिचा बोध.

रूपककथा म्हणून ही अव्वल आहे. अमूर्त, सगळ्यांना घाबरवणारा बाजार तिने एका विक्षिप्त शेजाऱ्याच्या रूपात दारात आणून बसवला. वॉरन बफे यांनी १९८७ सालच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात तीच कथा पुन्हा सांगितली, आणि मग ती जगभर पसरली. भाव आणि मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कुणी समजावलेलं मला माहीत नाही.

पण या कथेत पात्रं किती आहेत ते मोजा. दोनच: तुम्ही आणि बाजारराव. तिसरं पात्र, म्हणजे तो धंदा, मागे स्थिर उभा आहे. त्याला संवाद नाहीत. बाजारराव बदलतात, तुम्ही बदलू नये अशी अपेक्षा आहे, आणि धंदा जणू बदलतच नाही. म्हणून या कथेतली प्रत्येक घसरण ही स्वभावाने तात्पुरती असते. निराशा बाजाररावांच्या डोक्यात आहे. धंद्यात काही बिघडलेलं नाही. प्रत्यक्षात मात्र बाजारराव कधीकधी रडत येतात, कारण खरोखरच दुकानाला आग लागलेली असते.

ग्रॅहम यांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी सांभाळलेल्या पैशांतले साधारण ७० टक्के गेले होते. १९३० मध्ये, सगळ्यात वाईट काळ उलटला असं समजून, त्यांनी कर्ज घेऊन शेअर धरून ठेवले होते. वाईट काळ उलटला नव्हता. डाउ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. जुनी पातळी पुन्हा गाठायला त्याला नोव्हेंबर १९५४ उजाडावा लागला.

आता तारखा शेजारीशेजारी ठेवा. बाजाररावांची कथा छापली गेली १९४९ मध्ये. म्हणजे वीस वर्षं उलटूनही निर्देशांक १९२९ च्या पातळीच्या खालीच होता. ज्या माणसाने ही कथा लिहिली तो 'तात्पुरत्या' घसरणीच्या विसाव्या वर्षी लिहीत होता. म्हणूनच ग्रॅहम यांच्या पुस्तकात 'चांगली कंपनी घ्या' यावर फार भर नाही. तिथे भर आहे तो 'आपला अंदाज चुकला तरी निभावलं पाहिजे, इतक्या स्वस्तात घ्या' यावर. शेवटचं प्रकरण त्यावरच आहे. जळलेल्या माणसाचं ते पुस्तक आहे. रीलमध्ये येताना त्यातली जळल्याची खूण तेवढी पुसली जाते.

तेलाच्या टाक्या

दुसरी गोष्ट बफे यांची. या पंथाचं ते आद्य पुराण म्हणता येईल. नोव्हेंबर १९६३. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथे टिनो डी अँजेलिस नावाच्या माणसाची खाद्यतेलाची कंपनी होती. टाक्यांमध्ये किती तेल आहे, याच्या पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसची एक उपकंपनी द्यायची, आणि त्या पावत्या तारण ठेवून डी अँजेलिस कर्ज उचलायचा. कंपनी बुडाली तेव्हा कळलं, की बऱ्याच टाक्यांमध्ये पाणी होतं आणि वर तेलाचा थर. तपासनीस वरून टाकीत मोजमाप बुडवायचे, त्याला तेल लागायचं, पावती फाटायची. पावत्या खोट्या ठरल्यावर देणेकरी अमेरिकन एक्स्प्रेसच्या दारात आले. त्याच सुमारास केनेडींची हत्या झाली. शेअर साधारण ६० डॉलरवरून ३५ पर्यंत घसरला.

बफे यांनी काय केलं, ते सगळ्यांना पाठ आहे: ओमाहातल्या एका स्टेकहाउसमध्ये गल्ल्याजवळ बसून लोक अजून अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड वापरताहेत का ते पाहिलं. वापरत होते. मग त्यांनी शेअर घेतले. आपल्या भागीदारीतल्या पैशांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांपर्यंत. शेअर वर गेला. इति.

सांगता सांगता या गोष्टीतून दोन तपशील गळतात, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की त्या वेळी अमेरिकन एक्स्प्रेस ही आजच्यासारखी मर्यादित जबाबदारीची कंपनी नव्हती. कंपनीची देणी भागधारकांच्या अंगावर येण्याची शक्यता कागदोपत्री होती. लोक घाबरले ते केवळ भित्रे होते म्हणून नाही. दुसरा असा, की स्टेकहाउसमध्ये बसलेल्या बफे यांच्या डोक्यात 'ही घसरण तात्पुरती आहे का?' हा प्रश्न नव्हता. त्यांचा प्रश्न त्याहून बारीक होता. या कंपनीचा धंदा विश्वासावर चालतो. लोक तिचे ट्रॅव्हलर्स चेक आणि कार्ड घेतात ते नावावर विश्वास ठेवून. तेलाच्या भानगडीने तो विश्वास मोडलाय का? या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर असू शकतं, आणि ते उत्तर गल्ल्याजवळ बसून दिसू शकतं. वेटरने कार्ड परत केलं असतं, तर गोष्ट तिथेच थांबली असती.

तोच लेखक, दुसरा शेवट

आता तिसरी गोष्ट, जी रीलमध्ये येत नाही. टेस्को ही ब्रिटनमधली सगळ्यात मोठी किराणा साखळी. चांगली कंपनी म्हणजे काय, याची व्याख्या २०१० च्या आसपास कुणाला विचारली असती तर उदाहरणात तिचं नाव आलं असतं. जानेवारी २०१२ मध्ये तिने नफा अपेक्षेपेक्षा कमी येईल असं जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात साधारण १६ टक्के पडला. बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने घसरणीत आणखी शेअर घेतले. हिस्सा पाच टक्क्यांच्या वर गेला.

इथे पुस्तक मिटा आणि पुढचं पान कोरं आहे असं समजा. जानेवारी २०१२ मधली टेस्को आणि १९६४ मधली अमेरिकन एक्स्प्रेस, मध्यंतरापर्यंत दोन्ही गोष्टींचं कथानक एकच आहे. नामांकित कंपनी, वाईट बातमी, पडलेला भाव, आणि तोच अनुभवी माणूस खरेदीला उभा. उलट टेस्कोची बातमी सौम्य होती. घोटाळ्याचं तेव्हा नावही नव्हतं.

पुढे स्वस्तातल्या जर्मन साखळ्यांनी टेस्कोचं गिऱ्हाईक तोडलं. २०१४ मध्ये तर कंपनीने आपला नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगितल्याचं उघड झालं. बर्कशायर बाहेर पडली तेव्हा करोत्तर तोटा होता ४४ कोटी ४० लाख डॉलर. २०१४ च्या पत्रात बफे यांनी हे सगळं आकड्यांसह लिहिलंय, आणि विकायला उशीर केल्याबद्दल स्वतःला चार शब्द सुनावलेत. लेखक म्हणून बफे मला आवडतात ते इथे. ते स्वतःच्या पराभवाची रक्कम छापतात. २००८ च्या पत्रातही आहे: आयर्लंडमधल्या दोन बँकांचे शेअर स्वस्त वाटले म्हणून २४ कोटी ४० लाख डॉलरना घेतले, वर्षअखेरीस किंमत उरली २ कोटी ७० लाख. अनुयायी मात्र त्यांचं स्टेकहाउस घेतात आणि टेस्को सोडून देतात.

त्याच पत्रात आणखी एक आकडा आहे, जो वाचकाने अधोरेखित करावा. टेस्कोचा तोटा बर्कशायरच्या एकूण मूल्याच्या एक टक्क्याचा साधारण पाचवा भाग होता. चुकण्याची ही किंमत ज्याला परवडते, त्याच्या तोंडी 'धीर धरा' हे शब्द वेगळे असतात. ज्याची तीन वर्षांची बचत एका शेअरमध्ये आहे, त्याच्या कानावर तेच शब्द वेगळे पडतात.

नूडल्स आणि बँक

आपल्याकडच्या दोन गोष्टी याच जोडीने वाचता येतात. जून २०१५ मध्ये मॅगीत शिशाचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याच्या अहवालावरून देशभर बंदी आली. मर्यादा दहा लाख भागांत २.५ भाग, अहवालात १७.२. नेस्ले इंडियाचा शेअर काही आठवड्यांत साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला. त्या तिमाहीत कंपनीला ६४ कोटींचा तोटा झाला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: कंपनीची बाजू नीट ऐकली गेली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांमध्ये तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, मॅगी उत्तीर्ण झाली, आणि नोव्हेंबरमध्ये दुकानात परतली.

आज ही 'डिप'ची आदर्श कथा आहे. 'लोकांचं मॅगीवर प्रेम होतंच, परत येणारच होती.' पण तिचा शेवट प्रेमाने ठरला नाही. तो प्रयोगशाळेच्या अहवालाने ठरला. तिथे शिसं खरोखरच निघालं असतं, तर आपण आज त्याच प्रेमाचा दाखला देऊन म्हणालो असतो, की जिचा निम्म्याहून जास्त बोलबाला एका पाकिटावर उभा आहे ती कंपनी कुठली चांगली?

दुसरी गोष्ट येस बँकेची. ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संस्थापक-मुख्याधिकाऱ्यांना पूर्ण मुदतवाढ नाकारली आणि शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त पडला. झपाट्याने वाढलेली नामांकित खाजगी बँक, वरच्या माणसाबद्दलची एक बातमी, भेदरलेला बाजार. तेच कथानक. ज्याला २०० ला स्वस्त वाटला त्याला १०० ला आणखी स्वस्त वाटला, ५० ला तर फुकटच. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध आणले. खातेदाराला काढता येणार होते जास्तीत जास्त ५० हजार रुपये. पुनर्रचनेत स्टेट बँक आत आली ती १० रुपये भावाने. आणि ज्या जुन्या भागधारकांकडे १०० पेक्षा जास्त शेअर होते, त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकायला बंदी झाली. बँक जगली, ४०० चा भाव काही परतला नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये काय दिसू शकत होतं? एक गोष्ट दिसू शकत होती. मार्च २०१६ अखेर आपली बुडीत कर्जं सुमारे ७४९ कोटी आहेत असं बँकेने सांगितलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती निघाली सुमारे ४,९२६ कोटी. पुढच्या वर्षीही ६ हजार कोटींहून मोठा फरक निघाला. हे दोन्ही आकडे जाहीर होते. बेयॉनच्या टाकीत कुणीतरी तळापर्यंत काठी घातली होती आणि तिला पाणी लागलं होतं.

'चांगली' म्हणजे कोणती?

या वाक्यावर माझा खरा आक्षेप इथे आहे. ते कधीच खोटं पडू शकत नाही. शेअर वर आला तर घसरण तात्पुरती होती. नाही आला तर कंपनी मुळात चांगली नव्हती, तुमची निवड चुकली. टेस्को चांगली होती ती २०१४ पर्यंत. येस बँक चांगली होती ती २०२० पर्यंत. 'चांगली' आणि 'तात्पुरती' ही दोन्ही विशेषणं शेवट कळल्यावर मागे जाऊन चिकटवली जातात, आणि मग गोष्ट अशी सांगितली जाते जणू ती पहिल्या पानावरच होती. ज्या विधानाची परीक्षाच घेता येत नाही, त्याला आमच्या धंद्यात टेस्ट केस नसलेला कोड म्हणतात. तो चालतो, कधी बंद पडेल ते मात्र सांगता येत नाही.

धंद्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट तिकडची. मी बॅकएंडवर काम करतो. एका सर्व्हरने दुसऱ्याला विनंती पाठवली आणि उत्तर आलं नाही, तर दोन शक्यता असतात: बिघाड क्षणिक आहे, किंवा समोरचा मेलाय. पहिल्या टाइमआउटवरून यातलं काय ते कळत नाही. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, म्हणजे रिट्राय. पण रिट्राय लिहिताना तीन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात: कोणत्या प्रकारच्या चुकीवर पुन्हा प्रयत्न करायचा, दोन प्रयत्नांमध्ये किती थांबायचं, आणि किती वेळा करून सोडून द्यायचं. मर्यादा न घातलेला रिट्राय रिव्ह्यूमध्ये कुणी पास करत नाही, कारण मेलेल्या सर्व्हरच्या दारावर टकटक करत करत जिवंत सर्व्हरही दमून पडतो. 'पडला की घ्या, आणखी पडला की आणखी घ्या' हा मर्यादा न घातलेला रिट्राय आहे.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: एक कंपनी नका घेऊ, अख्खा निर्देशांक घ्या, तो परत येतोच. उत्तर बरंच खरं आहे. एका बँकेत बुडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण 'येतोच' या शब्दात काळ किती? जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं. देशाच्या इतिहासात ही घसरण तात्पुरतीच म्हणायची. १९८९ मध्ये सत्तावीस वर्षांच्या असलेल्या इंजिनिअरच्या आयुष्यात ती त्याची सगळी नोकरी होती.

मग हे वाक्य टाकून द्यायचं का? नाही. त्यातला गाभा खरा आहे: धंदा तोच राहिला आणि भाव उतरला, तर घेणाऱ्याच्या फायद्याचंच आहे. सगळी मेख 'धंदा तोच राहिला' यात आहे, आणि नेमका तोच भाग वाक्यातून गळलाय. त्याच्या जागी एक विशेषण बसलंय, जे विचार करायची गरज संपवतं. बफे गल्ल्याजवळ बसले ते या गळलेल्या भागासाठी. ग्रॅहम यांनी शेवटचं प्रकरण लिहिलं तेही त्यासाठीच.

वाक्य दुरुस्त करायचं झालं तर मी असं करीन: 'शेअर पडलाय, नेमकं काय तुटलंय ते मला सांगता येतं, काय दिसलं तर मी चुकलो असं मानीन, हे आज लिहून ठेवलंय, आणि चुकलोच, तरी पुढच्या महिन्याचं घरभाडं भरता येईल.' यात 'तात्पुरती' हा शब्द कुठेच लागत नाही. रीलसाठी मात्र जरा लांब होतं.